आधी कार्ड की आधी प्रोसेसर? माझ्या जुन्या पीसीची गोष्ट

सायबरपंक २०७७ सुरू केला, गाडी रस्त्यावर काढली आणि पहिल्याच चौकात स्क्रीन गोठली. सेकंद, दीड सेकंद काहीच नाही, मग एकदम उडी मारून गाडी पुढच्या भिंतीवर. फुटपाथवरची माणसं आधी नुसती चिखलाच्या बाहुल्यांसारखी दिसायची आणि त्यांना चेहरे यायला वेळ लागायचा. हे सगळं ७२०पी म्हणजे कमी रिझोल्यूशनवर, प्रत्येक सेटिंग लो ठेवून. मला तो गेम मनापासून खेळायचा होता, नुसता उघडून बघायचा नव्हता, त्यामुळे त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

मशीन २०१८ चं. रायझन ३ २२००जी, ए३२० चिपसेटचा साधा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क, आणि वेगळं ग्राफिक कार्ड नाहीच. २२००जी घेतला होता कारण वेगा ८ ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच येतात, कार्डाचा खर्च वाचतो, आणि जीटीए ५ किंवा रॉकेट लीगसारखे गेम त्यावर सेटिंग कमी करून छान चालायचे. कितीतरी रात्री मी आणि माझा भाऊ त्या मशीनवर जागलोय. म्हणून ते भंगारात टाकून नवीन घ्यायचं मनात येतच नव्हतं, आणि तसं करायला बजेटही नव्हतं. ठरवलं की ह्याच कॅबिनेटमध्ये एकेक पार्ट बदलत जायचं. दीडेक वर्षात काय काय शिकलो ते सगळं लिहून ठेवतोय, जो कोणी अशाच जुन्या मशीनसमोर बसला असेल त्याला उपयोग होईल.

आधी हे समजून घ्यायला पाहिजे की मधल्या काळात असं काय झालं की चालणारं मशीन अचानक म्हातारं झालं. बहुतेक मोठे गेम कन्सोल डोळ्यांसमोर ठेवून बनतात. पीएस४ आला २०१३ मध्ये, त्यात १.६ गिगाहर्ट्झचे आठ अगदी हलके कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि साधी हार्ड डिस्क. म्हणजे त्या काळातला कुठलाही चार कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर त्याच्यापुढे तगडाच होता, आणि म्हणून वर्षानुवर्षं चार कोअरवर सगळं भागून गेलं. मग नोव्हेंबर २०२० मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले, दोन्हीत एएमडीच्या झेन २ डिझाइनचे आठ कोअर, १६ जीबी मेमरी आणि वेगवान एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. पहिली दोन-तीन वर्षं गेम दोन्ही पिढ्यांसाठी निघत होते म्हणून आपल्याला कळलं नाही, पण जुन्या कन्सोलचा हात सोडला तसा पीसीवरचा भार एकदम वाढला. २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ आणि स्टारफील्ड आले तेव्हा त्यांच्या मिनिमम यादीतच एसएसडी लिहिलेली होती, आणि सायबरपंकच्या २.० अपडेटपासून त्यांनी हार्ड डिस्कचा सपोर्टच काढून टाकला. माझ्या त्या चौकातल्या गोठण्याचं अर्धं उत्तर इथेच होतं.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, कार्ड घाल कार्ड. कार्ड लागणार हे खरंच आहे, पण पहिलं काय घालायचं हे मशीनलाच विचारलेलं बरं. आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाका, गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसतात. जीपीयूचा म्हणजे ग्राफिक चिपचा वापर किती टक्के, प्रत्येक कोअर वेगवेगळा किती, रॅम किती भरली, कार्डाची मेमरी किती भरली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्रेम टाइमचा ग्राफ. ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजेच प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी ६० दिसत असेल पण मध्येच एखादी फ्रेम ९० मिलिसेकंद घेत असेल तर हाताला अडखळल्यासारखं होतंच, आणि सरासरीच्या आकड्यात ते दिसत नाही. मी बरीच वर्षं फक्त एफपीएसचा आकडा बघायचो, ग्राफ बघायला लागल्यावर मशीनचं दुखणं कळायला लागलं.

माझ्याकडे काय दिसलं, तर रॅम पूर्ण भरलेली, हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली. ८ जीबीतून काही भाग वेगा ग्राफिक्सने स्वतःसाठी कापून घेतलेला असतो, उरलेल्यात विंडोज, ब्राउझर आणि गेम. रॅममध्ये मावलं नाही की विंडोज ते हार्ड डिस्कवर टाकतं आणि तीच हार्ड डिस्क त्याच वेळी गेमची फाइल वाचत असते. म्हणजे दोन्ही लोड एकाच जुन्या फिरत्या तबकडीवर.

म्हणून पहिली घेतली ती रॅमची दुसरी स्टिक. आतल्या ग्राफिक्सवर खेळत असाल तर एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती सगळी ये-जा रॅममधूनच करते, आणि एकच स्टिक असेल तर एकच चॅनल, दुसरी टाकली की ड्युअल चॅनल आणि रस्ता दुप्पट रुंद. स्टिक शक्यतो त्याच स्पीडची घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, माझ्या बोर्डावर दोनच होते म्हणून प्रश्न आला नाही. आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर नेणारी सेटिंग) चालू करायचं, काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं. ते चालू केलं नाही तर ३२०० ची रॅमसुद्धा गपचूप २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. कितीतरी लोकांची मशीनं वर्षानुवर्षं अशीच चाललेली मी बघितलीयेत.

त्याच्या पाठोपाठ एसएसडी. हार्ड डिस्क सरळ ओळीत वाचली तर सेकंदाला १००-१५० एमबी देते, पण गेम सरळ ओळीत वाचत नाही, हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून उचलतो आणि तिथे तिचा वेग पार कोसळतो. जुन्या साटा जोडणीची एसएसडी ५५० एमबीच्या आसपास, जास्त वेगवान एनव्हीएमई जोडणीची जनरेशन ३ ची ३५०० पर्यंत. आकड्यांत केवढा फरक, पण गेममध्ये साटा आणि एनव्हीएमई यांच्यातला फरक सहसा लोडिंगच्या एखाद-दोन सेकंदांचा. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर जाणं हा खरा बदल. आता गेमचा साइज बघता, बाल्डर्स गेट ३ एकटा १५० जीबी मागतो आणि स्टारफील्ड १२५, तर २५६ जीबीची घेऊ नका, विंडोज टाकल्यावर त्यात एक गेम मावेल. बोर्डावर एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायचा स्लॉट आहे का, आणि तो एनव्हीएमई घेतो की फक्त साटा, हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या, दिसायला दोन्ही सारख्याच पट्ट्या असतात.

एवढं झाल्यावर चौकातलं गोठणं थांबलं. फ्रेम अजून कमीच होत्या पण अडखळणं गेलं, आणि तेव्हा कुठे कार्डाचा विचार सुरू झाला.

कार्डाच्या आधी एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणारा डबा. ह्या भागावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण इथेच माझं नुकसान होता होता राहिलं. मशीनमधला एसएमपीएस कॅबिनेटबरोबरच आलेला, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. मित्राने त्याचं कार्ड दोन दिवस वापरून बघायला दिलं, त्याला पॉवरचा कनेक्टर लागत होता तो माझ्या एसएमपीएसला नव्हताच, म्हणून मी जुन्या मोलेक्स वायरींना अडॅप्टर जोडून काम भागवलं. डेस्कटॉपवर सगळं ठीक. गेम सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि मशीन खाडकन बंद, परत चालू केल्यावर परत तेच, आणि तिसऱ्या वेळी प्लास्टिक तापल्याचा वास. लगेच सगळं काढलं. मित्राचं कार्ड वाचलं, पण ती रात्र मी विसरणार नाही.

नंतर त्या एसएमपीएसचं लेबल नीट वाचलं. मोठा आकडा बघायचाच नाही, १२ व्होल्टची ओळ शोधायची आणि तिथले अँपिअर गुणिले १२ करायचे. माझ्यावर १८ अँपिअर होतं, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः ह्याच १२ व्होल्टवर जगतात, बाकीचे वॅट कागदावर. हिशोब साधा आहे, मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, ६ पिनचा कनेक्टर आणखी ७५, ८ पिनचा १५०. कार्डाची भूक ह्यात बसते का बघायचं, आणि कनेक्टर एसएमपीएसमधून थेट आलेलाच हवा, अडॅप्टरने ओढून आणलेला नाही. मी चांगला ५५० वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगवाला घेतला. एसएमपीएसमुळे एकही फ्रेम वाढत नाही, म्हणून लोक तिथे पैसे वाचवतात, पण बाकी सगळे पार्ट त्याच्याच भरवशावर असतात.

ज्यांच्याकडे ऑफिसमधून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप आहेत त्यांची अडचण वेगळी. चौथ्या पिढीचा आय५ किंवा सहाव्या पिढीचा आय५ ६५००, २४० किंवा ३०० वॅटचा एसएमपीएस, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्याचा आकार आणि मदरबोर्डचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचाच, बाजारातला साधा एसएमपीएस बसतच नाही. अशा मशीनला स्लॉटच्याच ७५ वॅटवर चालणारं कार्ड हवं. जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० ही जुनी नावं, दोघांची मेमरी ४ जीबी आणि ती आता कमी पडते. २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटचं आहे, वेगळा कनेक्टर नको, आणि डीएलएसएसही (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) चालतं, माझ्या मते अशा मशीनसाठी तेच बरं. फक्त एक गोष्ट, त्याच नावाचं ८ जीबी मॉडेल वेगळं आहे, त्याला जास्त पॉवर लागते, नाव बघून घाईत घेऊ नका. कॅबिनेट बारीक असेल तर लो प्रोफाइल उंचीचंच घ्यायला लागेल. आरएक्स ६४०० सुद्धा ५३ वॅटमध्ये भागवतं पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाचे मार्ग) वापरतं, जनरेशन ३ च्या जुन्या बोर्डावर तो रस्ता अर्धा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की कार्ड त्याच अरुंद रस्त्याने रॅमकडे धावत राहतं, की मग अडखळणं आलंच. लेन आणि मेमरीच्या बाबतीत ६५०० एक्सटीचं पण तेच.

मी घेतलं आरएक्स ६६००. १३२ वॅट, एकच ८ पिन, ८ जीबी मेमरी. हे आठ लेन वापरतं त्यामुळे जनरेशन ३ वर फारसं बिघडत नाही. इंटेलची आर्क कार्ड मला मोहात पाडत होती, बी५८० ला तर १२ जीबी मेमरी, पण त्यांना रिसाइझेबल बार नावाची सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) लागतेच आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ती मागे पडतात, माझं मशीन त्यांच्यासाठी नव्हतं. ६६०० निवडायचं आणखी एक कारण म्हणजे रे ट्रेसिंग, प्रकाशाचे किरण मोजून सावल्या आणि प्रतिबिंबं काढायची पद्धत. मला त्याचं आकर्षण नाही, पण इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम द डार्क एजेस हे दोन्ही गेम मिनिमममध्येच हार्डवेअर रे ट्रेसिंगवालं कार्ड मागतात. म्हणून सेकंडहँड बाजारात जुनी जीटीएक्स १० सिरीजची दणकट कार्डं कितीही स्वस्त दिसली तरी नवे गेम खेळायचे असतील तर तिकडे वळू नका असंच मी सांगेन.

कार्ड बसवायच्या आधी कॅबिनेटमध्ये फूटपट्टी घालून लांबी मोजा. आणि बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. हे सांगायला लागू नये पण लागतं.

कार्ड आलं, १०८०पी वर हाय सेटिंग लावली, आणि सायबरपंक ४० च्या आसपास. तेसुद्धा गर्दीत खाली यायचं. कोपऱ्यातले आकडे बघितले तर जीपीयू ५५ टक्के, आणि प्रोसेसरचे चारही कोअर १०० ला टेकलेले. खात्री करून घ्यायची सोपी पद्धत म्हणजे रिझोल्यूशन एकदम ७२०पी वर आणायचं. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर. माझ्या एकाही फ्रेमने वाढ दाखवली नाही. अशा वेळी ग्राफिक्स लो करून काही मिळत नाही, उलट टेक्स्चर हाय ठेवा, कार्ड रिकामंच बसलंय. कमी करायची ती गर्दीची डेन्सिटी, कारण प्रत्येक चालणाऱ्या माणसाचा हिशोब प्रोसेसर करतो.

आता इथे त्या जुन्या ए३२० बोर्डाबद्दल मला जे प्रेम वाटतं ते लिहायलाच हवं. एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, २०१७ मध्ये पहिल्या रायझनसाठी बाजारात आलेला, आणि त्याच सॉकेटवर २०२२ चे रायझन ५६०० आणि ५८००एक्स३डी बसतात. सगळ्यात स्वस्त ३०० सिरीजच्या बोर्डांनाही शेवटी २०२२ मध्ये ५००० सिरीजसाठी बायोस मिळाले. म्हणजे बोर्ड, रॅम काहीही न बदलता चार कोअर चार थ्रेडवरून (थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं) सहा कोअर बारा थ्रेडवर. मी रायझन ५ ५६०० घेतला. ५६००जी घेतला नाही कारण त्यात कॅशे (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि कार्ड असताना आतल्या ग्राफिक्सचा उपयोग नाही. उलट बाजूने हे पण लक्षात ठेवा की ५६०० मध्ये ग्राफिक्स अजिबात नाहीत, कार्ड काढलं तर स्क्रीन काळी. बजेट असेल आणि मिळाला तर ५७००एक्स३डी, त्याचा ९६ एमबी कॅशे गेममध्ये खरंच बोलतो, पण ६६०० कार्डाबरोबर तो अर्धा वाया जाईल.

क्रम मात्र चुकवू नका. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचं. बोर्डाच्या कंपनीच्या पानावरून तुमच्या बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि रिव्हिजन बघून फाइल घ्यायची, एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाकायची, आणि अपडेट चालू असताना हात बांधून बसायचं, मध्येच वीज गेली तर बोर्ड मेला समजा. काही बोर्डांची बायोस चिप १६ एमबीचीच असते, त्यात सगळे प्रोसेसर मावत नाहीत म्हणून नव्या बायोसमधून काही जुने प्रोसेसर काढलेले असतात, तेव्हा फाइलखाली काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग कूलर काढणं, आणि इथे घाबरायला झालं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१ बारीक पिना, आणि सॉकेट त्याला फक्त हलकं धरून ठेवतं. सात वर्षांची थर्मल पेस्ट सुकून सिमेंटसारखी झालेली असते, कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून लॉकसकट उपटून येतो आणि पिना वाकतात. उपाय असा की आधी वीस मिनिटं गेम चालवून मशीन गरम करायचं, बंद करून प्लग काढायचा, कॅबिनेट आडवं झोपवायचं, चारही स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून सोडायचे आणि कूलर वर न ओढता डावीकडे उजवीकडे हळू पिळायचा. माझा जवळजवळ मिनिटभर हलेना. मग एकदम मऊ झाल्यासारखा फिरला आणि सुटला, आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये जिथल्या तिथे. तेव्हा मी श्वास सोडला. कॅबिनेट आडवं ठेवायचं कारण स्क्रू निघाले की मागची पट्टी निसटून पडते.

नवा प्रोसेसर बसल्यावर पहिल्यांदा चालू केलं की एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग) बदललंय, रीसेट करू का असा मेसेज आला. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच फाइल बाहेर राहतील. एक्सएमपी बायोस अपडेटमध्ये बंद झालेलं, ते परत चालू केलं. रिसाइझेबल बार चालू करायला सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय) बंद करावं लागतं, आणि माझं विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं म्हणून तसं केल्यावर ते सुरूच होईना. परत सीएसएम चालू करून विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी टूलने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलली, बॅकअप घेऊन अर्थातच, आणि मग सगळं रांगेला लागलं. ह्याच कामात विंडोज ११ चाही रस्ता मोकळा झाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २२००जी नावाने २००० सिरीजचा असला तरी आत झेनची पहिलीच पिढी, त्यामुळे ११ च्या यादीत तो नव्हता. ५६०० आहे. काही ऑनलाइन गेम आता सिक्युअर बूट आणि टीपीएम ह्या सुरक्षेच्या सोयी मागतात, तेही ह्यातच सुटलं.

त्याच चौकात परत गाडी नेली. ७० च्या आसपास, ग्राफ जवळजवळ सरळ रेघ, जीपीयू ९८ टक्के. कार्ड पूर्ण कामाला लागलंय म्हणजे आता सेटिंगला अर्थ आहे. टेक्स्चर हाय, सावल्या मीडियम, व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि ढग मीडियम, स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन लो, आणि रे ट्रेसिंग बंद. एफएसआर (डीएलएसएससारखीच एएमडीची सोय) मी १०८०पी वर शक्यतो लावत नाही, क्वालिटी मोडसुद्धा आतून ७२०पी वरच चित्र काढतो आणि केस, तारा, पानं धूसर होतात. मोठ्या रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर तीच सोय फार छान वाटते. डूमसाठी मात्र लावावीच लागली.

२२००जी भाच्याच्या मशीनला गेला. त्याच्याकडे एक जुना एएम४ बोर्ड होता, आतल्या ग्राफिक्सवर तो त्याचे गेम खेळतो. बसवताना पहिल्याच दिवशी रॅमच्या दोन स्टिक टाकल्या.